काळा दाणा तपासायचा कसा: गोणीपासून ब्रोमीनच्या रिपोर्टपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप, ठिबकच्या नळ्या आणि मोल्डिंगचा माल बनतो. या धंद्याला भंगारातून तयार झालेला रीप्रोसेस दाणा लागतोच, आणि त्यातला काळा दाणा सगळ्यात स्वस्त. काळा रंग टाकला की आधीचे सगळे रंग झाकले जातात, म्हणून ज्या प्लॅस्टिकचं मूळ कुणालाच सांगता येत नाही ते शेवटी काळ्यात जातं. जुन्या टीव्हीची पाठ, मॉनिटरची फ्रेम, प्रिंटरचं अंग, चार्जरची डबी, सगळं तिथेच. या वस्तूंनी लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मुद्दाम ज्वालारोधक रसायनं घातलेली असतात. टीव्हीच्या पाठीत त्यांना काम होतं. तोच दाणा लहान पोरांच्या खेळण्यात किंवा उलथन्याच्या मुठीत गेला, तर तिथे त्यांचं काहीच काम नाही, आणि वितळवून पुन्हा दाणा पाडल्याने ती निघूनही जात नाहीत.

दाणा घेणाऱ्यांसाठी, विकणाऱ्यांसाठी आणि विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो आहे. तपासणी फसते तेव्हा बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. नमुना चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर प्रयोगशाळेला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

आधी कोणती रसायनं शोधायची ते पाहू. जुन्या टीव्हीची पाठ बहुधा हिप्स (चिवट केलेलं पॉलिस्टायरीन) प्लॅस्टिकची, आणि त्यात डेकाबीडीई. हे पीबीडीई (पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर) घराण्यातलं सगळ्यात जास्त ब्रोमीन असलेलं रसायन आहे, वजनाच्या ८३ टक्के ब्रोमीन. त्याच्या जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड असतं, ते एकटं फारसं काही करत नाही पण ब्रोमीनची ताकद वाढवतं. एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या डब्यांमध्ये टीबीबीपीए हे दुसरं ब्रोमीनचं रसायन, किंवा जुन्या काळचं, पीबीडीई घराण्यातलंच ऑक्टाबीडीई. थर्माकोलच्या इन्सुलेशन शीटमध्ये एचबीसीडी, तेही ब्रोमीनचंच. लवचीक पीव्हीसी वायरमध्ये क्लोरिनेटेड पॅराफिन आणि अँटिमनी. नव्या पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण) मालात फॉस्फरसची रसायनं, जसं बीडीपी किंवा ट्रायफिनाइल फॉस्फेट. केबलच्या काही प्रकारांत नुसतं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, त्याची या लेखात काळजी करायची नाही.

आता एक हिशेब. टीव्हीच्या पाठीत डेकाबीडीई साधारण १० ते १५ टक्के असायचं. १२ टक्के धरा. म्हणजे एक किलो पाठीत १२० ग्रॅम. ती एक किलो पाठ १०० किलो स्वच्छ मालात मिसळली, तर दर किलोला जवळपास १२०० मिलिग्रॅम भरतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मर्यादा आहे ०.१ टक्का, म्हणजे किलोला १००० मिलिग्रॅम. पूर्ण १०० किलोचा लॉट एका पाठीने मर्यादेबाहेर जातो. ग्राइंडरवर बसणाऱ्या माणसाला हे सांगितलेलं असलं पाहिजे, कारण खरी तपासणी त्याच्या हातातूनच सुरू होते.

चटईबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. चटईची काडी पॉलिप्रॉपिलीनची असते, आणि तिच्यात हिप्स किंवा एबीएस जास्त आलं तर काडी ओढतानाच तुटते. म्हणून टीव्हीच्या पाठीचा धोका चटईपेक्षा काळ्या इंजेक्शन मोल्डिंगच्या मालात जास्त आहे. पण पॉलिप्रॉपिलीनच्याही काही विद्युत वस्तूंमध्ये ब्रोमीनची रसायनं वापरली गेली आहेत, तेव्हा चटईवाल्याने हात झटकून चालणार नाही. उन्हाळ्यात खानदेशात घरोघरी पोरं चटईवरच झोपतात. ठिबकच्या नळीचा काळा रंग मात्र वेगळा. तो ऊन सोसण्यासाठी साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक घालून मुद्दाम आणलेला असतो. नुसत्या काळेपणावरून कोणत्याच मालावर शिक्का मारू नका.

नमुना

प्रयोगशाळेतली मुख्य तपासणी फक्त १०० मिलिग्रॅमवर होते. एका दाण्याचं वजन २० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे चार-पाच दाणे. एक टनाच्या लॉटमधून वरच्या गोणीतले चार दाणे उचलून तपासले तर तो लॉटचा रिपोर्ट नाही, त्या चार दाण्यांचा आहे. ग्राइंडरचा चुरा असेल तर हाल आणखी वाईट. एखादी टिकली टीव्हीची निघाली तर आकडा आभाळाला भिडतो, नाही निघाली तर शून्य.

एक टन म्हणजे २५ किलोच्या ४० गोण्या. प्रत्येक गोणीत लांब पोकळ नळी खुपसून वरचा, मधला आणि तळाचा मिळून शंभरेक ग्रॅम माल काढा. हलवाहलवीत बारीक चुरा तळाशी बसतो, म्हणून तळ सोडू नका. जमलेला चार किलो माल स्वच्छ जाड कागदावर ओतून ढीग करा, दाबून सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत गोणीत टाका. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे करा. त्यातला अर्धा प्रयोगशाळेला द्या, अर्धा सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. हा राखीव अर्धा भाग नसेल तर पुढे वाद झाल्यावर तुमच्याकडे काहीच नसतं.

नमुना काचेच्या गडद बाटलीत भरा, किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. पारदर्शक पिशवीत भरून मे महिन्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. ४५ अंशांच्या उष्णतेने डेकाबीडीई उडून जात नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे ब्रोमीन अणू एकेक करून सुटतात आणि डेकाचं नोना, ऑक्टा होत जातं. मग रिपोर्टात असं मिश्रण दिसतं जे मूळ मालात नव्हतंच.

युनिटमध्येच करता येणारी चाळणी

एक लिटर पाण्यात १६५ ग्रॅम मीठ विरघळवा. शंभर मिली द्रावणाचं वजन ११० ग्रॅम भरलं म्हणजे घनता १.१० झाली. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून जड तुकडेही तरंगतात. साधं हिप्स १.०४ च्या आसपास, साधं एबीएस १.०५ च्या आसपास, दोन्ही तरंगतात. ब्रोमीन आणि अँटिमनी भरलेलं हिप्स किंवा एबीएस बुडतं. पण पीव्हीसी, पीईटी, पीसी-एबीएस आणि जास्त टाल्क किंवा खडू भरलेलं प्लॅस्टिकही बुडतं. म्हणजे बुडलेलं सगळं दोषी नाही. उलट हलक्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडी भेसळ असेल तर ते तरंगतच राहतं. चुरा वेगळा करायला ही पद्धत चांगली, दाणा पास करायला अजिबात नाही.

तांब्याची तार तापवून प्लॅस्टिकला लावायची आणि हिरवी ज्योत पाहायची, ही जुनी चाचणी बरेच जण सांगतात. हिरवी ज्योत हॅलोजन दाखवते, क्लोरीन की ब्रोमीन ते नाही. पीव्हीसी बिनचूक हिरवी ज्योत देतं. शिवाय तांब्यासोबत असं प्लॅस्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. फ्यूम हूड नसेल तर ही चाचणी करू नका, आणि शेडमध्ये तर कधीच नाही.

एक्सआरएफ: ब्रोमीन आहे का, एवढंच

क्ष-किरणांची ही बंदूक मिनिट-दोन मिनिटांत ब्रोमीन आणि अँटिमनीचा आकडा देते. ती वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात, म्हणून ज्यांच्याकडे रीतसर परवानगी आहे त्यांच्याकडूनच करून घ्या.

इथे सगळ्यात मोठी चूक पातळ नमुन्याची. चटईची एक काडी मशीनखाली ठेवली तर किरण तिच्यातून आरपार जातात आणि ब्रोमीन खरं आहे त्याहून कमी दिसतं. काड्या कापून घट्ट रचा, निदान पाच मिलिमीटर जाडी करा, मधे पोकळी राहू देऊ नका. दाणे असतील तर त्याहून बरं म्हणजे हॉट प्रेसमध्ये २०० अंशांपर्यंतच तापवून त्यांची चकती दाबा. त्याहून जास्त तापवलं तर काही ब्रोमीनयुक्त प्लॅस्टिक आम्लाचा धूर सोडायला लागतं. चकती करताना माल मिसळतोही, हा दुहेरी फायदा. चकतीच्या निदान तीन जागी मोजा. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर नमुना एकजीव नाही.

दुसरी चूक मोडची. पीव्हीसीमधलं क्लोरीन किरण शोषून घेतं, खडू भरलेला मालही तेच करतो. साध्या पॉलिमरच्या कॅलिब्रेशनवर असा माल मोजला की आकडा चुकतो. मालात शिसं असेल तर त्याच्या रेषा ब्रोमीनच्या जवळ येतात, तेव्हा स्पेक्ट्रम डोळ्यांनी पाहायला सांगा, नुसता आकडा घेऊ नका.

आयईसी ६२३२१ या मानकांच्या मालिकेत एक्सआरएफच्या चाळणीची रेषा अशी आहे: ब्रोमीन किलोला ३०० मिलिग्रॅम वजा तीन सिग्मा याच्या आत असेल तर पीबीबी (पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल) आणि पीबीडीईसाठी पास. सिग्मा म्हणजे मशीनची त्या मोजणीतली अनिश्चितता. सिग्मा १५ असेल तर रेषा २५५ वर येते. २४० आला तर पास, २७० आला तर ठरत नाही. नीट लक्षात घ्या, ठरत नाही. एक्सआरएफवर ब्रोमीनसाठी नापास असा शिक्काच नाही, कारण मशीनला ब्रोमीनचा अणू दिसतो, तो कोणत्या रेणूत बसला आहे ते दिसत नाही. तोच ब्रोमीन बंदी असलेल्या डेकाचा असेल, टीबीबीपीएचा असेल, किंवा डेकाच्या जागी आलेल्या डीबीडीपीईचा. काही हिरव्या रंगद्रव्यांतही ब्रोमीन असतं. ब्रोमीनबरोबर अँटिमनीही मोठ्या प्रमाणात दिसली तर ज्वालारोधकाचा संशय बळावतो, इतकंच.

जीसी-एमएस: नाव कळतं ते इथे

जीसी-एमएस म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं मशीन. त्यासाठी दाणे दळावे लागतात, आणि साध्या मिक्सरमध्ये दळले तर पात्यांच्या उष्णतेने वितळून चिकटतात. म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, दाणे कडक करून क्रायोमिलमध्ये दळतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतो तोच हा द्रव नायट्रोजन. भुकटी ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून पूर्ण गेली पाहिजे. जे चाळणीवर उरतं ते फेकायचं नाही, पुन्हा दळायचं, कारण कठीण राहिलेला तुकडाच बहुधा वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो. वीस-तीस ग्रॅम दळा, नीट मिसळा, आणि मग त्यातून १०० मिलिग्रॅम तोला. आधी चार दाणे तोलून मग दळणं म्हणजे सगळी नमुनेबाजी पाण्यात.

सॉक्सलेट एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे उकळत्या द्रावकाने भुकटीतून रसायन काढून घेताना, साधारण ६० मिली टोल्यूइन घेऊन निदान दोन तास चालवतात, आणि गाळून १०० मिली करतात. सुरुवातीलाच थिंबलमध्ये (भुकटी ठेवायच्या कागदी नळकांड्यात) सरोगेट, म्हणजे मोजून घातलेलं ओळखीचं रसायन, म्हणून डीबीओएफबी टाकतात. शेवटी त्यातलं किती परत मिळालं यावरून काढणी नीट झाली की नाही ते कळतं. ७० ते १३० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर तो नमुना पुन्हा. पूर्ण मांडणीला फॉइल गुंडाळा, प्रकाश इथेही नको. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडून कंडेन्सरचं पाणी थांबलं आणि खालचा हीटर इन्व्हर्टरवर चालूच राहिला, तर टोल्यूइनची वाफ खोलीत येते आणि ती पेट घेणारी आहे. पाणी थांबलं की हीटर आपोआप बंद होईल अशी जोडणी हवीच.

हिशेब तपासून पाहा: १०० मिलिग्रॅम प्लॅस्टिक १०० मिलीत, म्हणजे किलोला १००० मिलिग्रॅमचा माल द्रावणात दर मिलीला एक मायक्रोग्रॅम देतो. टीव्हीची शुद्ध पाठ आली तर शंभर मायक्रोग्रॅमच्या वर. असं द्रावण पातळ न करता मशीनला दिलं तर लायनर (मशीनच्या तोंडाची काचनळी) आणि कॉलम (रेणू वेगळे करणारी बारीक नळी) घाण होतात आणि पुढच्या स्वच्छ नमुन्यातही डेका दिसतं. म्हणून एक्सआरएफचे आकडे आधी पाहून कमी ब्रोमीनवाले नमुने पहिले लावायचे, जास्तीचे शेवटी, आणि मधे नुसत्या टोल्यूइनचं इंजेक्शन.

कॉलम आखूड लागतो, १५ मीटर लांब आणि ०.१ मायक्रॉन थराचा. नेहमीचा ३० मीटरचा जाड थराचा कॉलम वापरला तर डेकाबीडीई आत इतका वेळ तापत राहतं की मोडून नोना होतं आणि शिखर बुटकं पडतं. मास स्पेक्ट्रोमीटर १००० पर्यंत मोजणारा हवा, कारण डेकाचं रेणुवस्तुमान ९५९ आहे. शुद्ध बीडीई-२०९ चं, म्हणजे डेकाबीडीईचंच, मानक टोचून पाहा. सोबत नोनाची शिखरं ठळक दिसली तर लायनर बदला, कॉलमचं तोंड थोडं कापा, मग पुन्हा. वीज जाऊन व्हॅक्यूम तुटला असेल तर मशीन सुरू झाल्याबरोबर नमुने लावू नयेत, ट्यूनिंग आणि कॅलिब्रेशन पुन्हा तपासूनच पुढे जावं.

प्रत्येक बॅचला कोरा नमुना हवा, म्हणजे प्लॅस्टिक न घालता बाकी सगळं तसंच केलेला. प्रयोगशाळेतले संगणक, खुर्च्यांचा फोम, त्यांची धूळ यांतही ज्वालारोधकं असतात. कोऱ्यात काही निघालं तर त्या दिवसाचे बारीक आकडे विसरा.

एचबीसीडी जीसीच्या उष्णतेत टिकत नाही. १६० अंशांच्या वर त्याचे अल्फा, बीटा, गॅमा प्रकार एकमेकांत बदलतात, आणखी तापवलं तर रेणूच मोडतो. त्यासाठी वाफेऐवजी द्रवात रेणू वेगळे करणारं एलसी-एमएस मागा. टीबीबीपीएलाही तेच सोयीचं. आरडीपी आणि बीडीपी ही फॉस्फरसची रसायनंही एलसीवर. अँटिमनीसाठी आम्लात पचवून आयसीपी, म्हणजे मूलद्रव्यं मोजणारं मशीन. क्लोरिनेटेड पॅराफिन हजारो जवळच्या रेणूंचं मिश्रण असल्याने त्याची मोजणी अवघड आहे, त्याचा अनुभव असलेली प्रयोगशाळाच निवडा.

ज्योतीची चाचणी ही वेगळी गोष्ट

खरेदीदार बऱ्याचदा यूएल ९४ (प्लॅस्टिक कसं जळतं ते पाहणारी चाचणी) चा रिपोर्ट आणि रसायनांचा रिपोर्ट यांची गल्लत करतात. यूएल ९४ मध्ये १२५ बाय १३ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या उभ्या टांगून प्रत्येकीला १० सेकंदांची ज्योत दोनदा लावतात. व्ही-० या दर्जासाठी कोणतीही पट्टी एका ज्योतीनंतर १० सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये, आणि पाचही पट्ट्यांचा एकूण वेळ ५० सेकंदांच्या आत हवा. माल कसा जळतो ते यातून कळतं. व्ही-० मिळालं म्हणून मालात बंदी असलेलं रसायन नाही असं होत नाही. बऱ्याचदा व्ही-० त्याच रसायनाने मिळालेलं असतं.

कायद्यात काय लागू होतं

भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, नव्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पीबीबी आणि पीबीडीईची मर्यादा प्रत्येकी ०.१ टक्का आहे, ती प्रत्येक एकजिनसी भागाला लागू होते. २०१८ च्या टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांच्या नियमांनी एचबीसीडी आणि टेट्रा ते हेप्टा बीडीईवर बंदी आणली. स्टॉकहोम कराराच्या यादीत डेकाबीडीई २०१७ मध्ये आलं. हँगर किंवा चटई ई-कचरा नियमांत येत नाही, पण निर्यातीच्या खरेदीदाराच्या अटीत येते. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएस ९८७३ सक्तीचं आहे. त्याच्या तिसऱ्या भागात पातळ आम्लात सुटणाऱ्या अँटिमनीची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे, म्हणून खेळण्यांसाठी काळा दाणा घेणाऱ्याने अँटिमनी वेगळी तपासून घ्यावी. आमचं मत विचाराल तर मूळ माहीत नसलेला काळा दाणा खेळण्यात वापरूच नये, रिपोर्ट काहीही असो.

पत्र आणि रिपोर्ट

प्रयोगशाळेला ‘फ्लेम रिटार्डंट टेस्ट करा’ एवढंच लिहून पाठवलं तर कुणी ज्योत लावून देईल, कुणी एकूण ब्रोमीन. पत्रात असं लिहा: माल कोणता, रीप्रोसेस आहे का, वस्तू कोणती बनणार, मोनो ते डेका प्रत्येक पीबीडीई वेगळा आणि एकूण, बीडीई-२०९ स्वतंत्र, टीबीबीपीए, एचबीसीडी, डीबीडीपीई, निकाल मिलिग्रॅम प्रति किलो, सरोगेटची वसुली आणि अनिश्चितता सोबत. एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र पाहताना नुसतं चिन्ह पाहू नका, प्रयोगशाळेच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, हीच चाचणी प्लॅस्टिकसाठी आहे का ते पाहा.

रिपोर्टात ‘आढळलं नाही’ असेल तर शेजारी मोजणीची खालची मर्यादा वाचा. मर्यादा ५० असेल तर ४० असलेला मालही ‘आढळलं नाही’ म्हणूनच येतो. एक्सआरएफवर ब्रोमीन ४००० आणि जीसीवर पीबीडीई शून्य असा रिपोर्ट आला तर घाबरू नका, पण सोडूही नका. तो ब्रोमीन कुठेतरी आहे. डीबीडीपीई मागितलं होतं का, टीबीबीपीए मागितलं होतं का ते बघा. मोठ्या साखळीची ब्रोमिनेटेड पॉलिमर ज्वालारोधकं टोल्यूइनने नीट निघत नाहीत आणि जीसीतून जातही नाहीत, हेही एक कारण असू शकतं. मिळालेल्या प्रत्येक रसायनाला त्याच्या ब्रोमीनच्या टक्क्याने गुणा (डेका ८३, टीबीबीपीए ५९, एचबीसीडी ७५), बेरीज करा आणि एक्सआरएफच्या आकड्याशी ताडा. फरक मोठा राहिला तर प्रयोगशाळेला लेखी विचारा.

लॉट नापास झाला तर तो स्वच्छ मालात थोडा थोडा मिसळून आकडा खाली आणू नका. तेवढंच रसायन जास्त घरांत जातं, बाकी काही बदलत नाही. लॉट बाजूला ठेवा, गोण्यांवर नंबर टाका, आणि राखीव नमुन्यांवरून कोणत्या भंगारवाल्याच्या, कोणत्या दिवसाच्या खेपेतून ब्रोमीन आलं ते एक्सआरएफने शोधा. तो माल नोंदणीकृत ई-कचरा रीसायकलरकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या घातक कचरा केंद्राकडे जायला हवा. बांधावर किंवा शेडमागे पेटवायला तर मुळीच नाही. आणि पुढच्या खेपेपासून टीव्ही, मॉनिटर आणि प्रिंटरचं काळं प्लॅस्टिक ग्राइंडरपाशी येण्याआधीच वेगळ्या ढिगात पडेल अशी व्यवस्था करा.